काळ्या कातळाचे गुलाबी भाऊबंद: सिलिकासमृद्ध महाज्वालामुखी प्रांतांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ज्वालामुखीचा दगड काळाच असतो. सह्याद्रीचे कडे, विहीर खणताना लागणारा कातळ, हेमाडपंती देवळं, सगळा बेसाल्ट. त्यामुळे जोधपूरचा किल्ला ज्या गुलाबी-तपकिरी खडकावर उभा आहे तोही ज्वालामुखीतूनच आला, असं सांगितलं की ऐकणारा आधी संशयाने बघतो आणि मग प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

सिलिकासमृद्ध महाज्वालामुखी प्रांत म्हणजे नेमकं काय?

भूशास्त्राच्या हिशेबाने थोड्या काळात जिथे अफाट शिलारस वर आला, असा विस्तीर्ण प्रदेश म्हणजे महाअग्निजन्य प्रांत. मिलर्ड कॉफिन आणि ओलाव एल्डहोम यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही संकल्पना रूढ केली, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः बेसाल्टचे प्रांत होते. दख्खन, सैबेरिया, सागरतळावरची पठारं वगैरे. पुढे २००२ मध्ये स्कॉट ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही प्रांत आकाराने या पंगतीत बसतात, पण त्यांचा खडक जवळजवळ सगळा रायोलाइट आणि डेसाइट आहे. म्हणजे सिलिकाने (वाळू-गारगोटीतलं मुख्य द्रव्य) भरलेला, फिक्या रंगाचा. उद्रेकातून आलेल्या खडकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक असे असतील, तर तो प्रांत सिलिकासमृद्ध. पुढे ब्रायन आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी २००८ मध्ये सर्वच महाप्रांतांसाठी किमान १ लाख चौरस किमी क्षेत्र आणि १ लाख घन किमी आकारमान अशी रेघ आखली.

सिलिका थोडी कमी-जास्त झाली तर एवढा काय फरक पडतो?

सगळा फरक तिथेच पडतो. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते, रायोलाइटमध्ये ७० च्या आसपास किंवा वर. सिलिकाचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या आणि जाळ्या करतात, म्हणून ती वाढली की शिलारस घट्ट होतो. शिवाय रायोलाइटचा शिलारस ७०० ते ९०० अंश सेल्सियसला असतो, बेसाल्टचा ११०० ते १२०० ला. म्हणजे आधीच चिकट, त्यात थंड. काकवी ओतली तर परातभर पसरते. गोळीबंद पाक ओतला तर पडतो तिथेच बसतो. फरक तसाच, फक्त इथे तो लाखो-कोट्यवधी पटींचा आहे.

आता या घट्ट शिलारसात पाणी विरघळलेलं असतं, वजनाच्या ४ ते ६ टक्के. शिलारस वर येताना दाब उतरतो आणि पाण्याची वाफ सुटू लागते. बेसाल्टमधून बुडबुडे सहज निसटतात. रायोलाइटमधून त्यांना निसटताच येत नाही. ते फुगतात आणि शेवटी शिलारसाच्याच ठिकऱ्या उडवतात. म्हणून बेसाल्टच्या प्रांतात प्रामुख्याने लाव्हा वाहिला आणि इथे प्रामुख्याने राख उसळली.

उद्रेक दिसायला कसा असेल?

ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा डोंगर, हे चित्र इथे विसरायचं. कोठारातला शिलारस भराभर रिकामा होतो, छताला आधार उरत नाही आणि दहा-वीस, कधी पन्नास किमी रुंदीचा भूभाग खाली खचतो. त्याला कॅल्डेरा म्हणतात. कडेच्या फटींमधून राख, वायू आणि पमिसचे (बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या हलक्या दगडाचे) तुकडे यांचे तप्त लोंढे बाहेर पडतात, ताशी शंभर-दोनशे किमी वेगाने जमीन धरून धावतात आणि दऱ्या भरून काढतात. या लोंढ्यातून जमतो तो खडक इग्निम्ब्राइट. हे नाव १९३० च्या दशकात न्यूझीलंडच्या पॅट्रिक मार्शल यांनी लॅटिनमधल्या 'आग' आणि 'पाऊस' या शब्दांवरून घडवलं. अग्निवर्षा-खडक म्हणा ना! मला तरी मूळ नावाइतकंच ते आवडतं.

आकाराचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला ला गारिता कॅल्डेरा बघा. सुमारे २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी तिथून एका उद्रेकात बाहेर पडलेला फिश कॅनियन टफ (टफ म्हणजे राखेचा खडक) अंदाजे ५,००० घन किमी आहे. तेवढा ऐवज अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर थर १६ मीटरचा होईल, म्हणजे पाचमजली इमारत बुडेल. आणि महाप्रांतात असे मोठे उद्रेक एक-दोन नसतात. लाखो वर्षांत पुन्हा पुन्हा होत राहतात.

माणसाच्या लिखित इतिहासात या मापाचं काही घडलेलं नाही. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा उद्रेक अलास्कातला नोवारुप्ताचा, १९१२ सालचा. त्यात सुमारे १३ घन किमी शिलारस बाहेर आला. त्याने भरलेल्या दरीतून चार वर्षांनीही हजारो ठिकाणी वाफ निघत होती.

मग एवढा रायोलाइट येतो कुठून? प्रावरणातून का?

नाही, आणि या विषयाची मेख इथेच आहे. प्रावरण वितळलं की बेसाल्ट मिळतो, रायोलाइट नाही. रायोलाइटचा मोठा वाटा खंडाच्या कवचातून येतो. म्हणजे जुनाच खडक पुन्हा वितळून वर येतो. बेसाल्ट इथेही असतो, पण तो जळणाचं काम करतो.

क्रम साधारण असा. प्रावरणातून वर आलेला बेसाल्ट कवचाच्या तळाशी, ३०-४० किमी खोलीवर, अडकतो. तिथे तो थरावर थर साचत जातो आणि थिजताना आपली उष्णता आजूबाजूच्या खडकाला देतो. त्या खालच्या कवचात अँफिबोल आणि अभ्रकासारखी खनिजं असतील, तर त्यांच्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं. साधारण ८०० ते ९५० अंशांच्या दरम्यान ही खनिजं मोडतात, पाणी सुटतं, आणि पाण्यामुळे खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. खडक सगळा वितळत नाही. आधी वितळतो तो त्यातला सिलिका, पोटॅशियम, सोडियमने भरलेला भाग. लहानपणी रंगीत बर्फाची कांडी चोखताना गोड रंगीत पाणी आधी तोंडात यायचं आणि हातात फिकट बर्फ उरायचा, तसं. हा हलका, चिकट रस सावकाश गोळा होतो, वर सरकतो, कवचात ५ ते १० किमी खोलीवर कोठार करतो आणि तिथून उद्रेक.

म्हणजे दोन अटी झाल्या. खालून भरपूर बेसाल्ट आणि वर पाणी धरून असलेलं, सहज वितळणारं कवच. दुसरी अट बहुतेकदा अशा जागी पूर्ण होते जिथे पूर्वी कोट्यवधी वर्षं सागरी भूपट्ट खंडाखाली शिरत होता. या शिरण्यामुळे, म्हणजे अधोगमनामुळे, तिथलं खालचं कवच पाणी मुरलेल्या खडकांनी बनलेलं असतं. जुन्या अधोगमनाने घातलेलं सरपण पुढे खंड ताणला जाऊ लागल्यावर पेट घेतं. म्हणूनच हे प्रांत खंडांच्या जुन्या काठांशी आढळतात.

बेसाल्टमधून स्फटिक वेगळे होत होत रायोलाइट तयार होत नाही का? पुस्तकात तर तसंच आहे.

होतो, पुस्तक चुकीचं नाही. थंड होणाऱ्या बेसाल्टमधून ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजं खाली बसतात आणि उरलेला रस सिलिकाने समृद्ध होत जातो. अडचण हिशेबाची आहे. या वाटेने रायोलाइटपर्यंत पोचायला मूळ बेसाल्टचा ८५ ते ९० टक्के भाग स्फटिक होऊन जावा लागतो. १० लाख घन किमी रायोलाइट हवा तर ७०-८० लाख ते १ कोटी घन किमी बेसाल्ट आणा! प्रत्यक्षात दोन्ही क्रिया मिसळून चालतात, प्रमाण प्रांतागणिक बदलतं आणि त्यावरून तज्ज्ञांत वाद आहेत. पण सर्वांत मोठ्या प्रांतांच्या बाबतीत कवच वितळल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

कवच वितळलं होतं याचा पुरावा काय?

झिरकॉन. हे चिवट स्फटिक शिलारसातही कधीकधी पूर्ण विरघळत नाहीत. रायोलाइटमधल्या एका झिरकॉनचा गाभा उद्रेकाहून कितीतरी जुना आणि बाहेरचं आवरण उद्रेकाच्या वयाचं निघतं, तेव्हा तो जुन्या खडकातून उचलला गेला हे कळतं. स्ट्राँशियम आणि निओडिमियमच्या समस्थानिकांची गुणोत्तरंही कवचाचा वाटा दाखवतात.

खाली एवढा बेसाल्ट आहे तर तो वर का दिसत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर ऐकल्यावर 'अरेच्चा' होतं. खालचा बेसाल्टचा शिलारस जड, वरचा रायोलाइटचा हलका. कवचात अर्धवट वितळलेला हलका थर तयार झाला की जड बेसाल्ट तो भेदून वर जाऊ शकत नाही. तो तिथेच अडतो, आणखी उष्णता देतो, आणखी कवच वितळवतो. जितका रायोलाइट जास्त, तितका बेसाल्ट दडलेला. पुढे तो थर थिजला, कवचाला भेगा पडल्या, की उशिरा थोडा बेसाल्ट बाहेर येतो. मेक्सिकोत नेमका असाच क्रम दिसतो.

दख्खनमध्ये असं का झालं नाही?

दख्खनमध्ये सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बेसाल्ट भेगांमधून थेट आणि भराभर वर आला. मोठा भाग तर १० लाख वर्षांच्याही आत. खालचं कवच बव्हंशी जुनं, पाणी हरवलेलं, वितळायला नाखूश. उष्णता मुरायला वेळ नाही आणि वितळायला सोपं द्रव्य नाही. सिलिकासमृद्ध प्रांत याच्या उलट संथ असतात. कवच तापवत बसावं लागतं, म्हणून ते ३-४ कोटी वर्षांपर्यंत चालतात, मध्ये मध्ये उसळ्या येतात.

तरी दख्खनच्या पश्चिम कडेला, जिथे कवच ताणलं जात होतं, थोडा रायोलाइट आणि ट्रॅकाइट (हाही फिक्या रंगाचा ज्वालामुखी खडक) आहेच. गुजरातेत पावागडचा माथा, सौराष्ट्रातले काही डोंगर, आणि आपल्या मुंबईचा मढ-गोराई-मनोरीचा किनारा. मालाडचा पिवळसर दगड हाही ट्रॅकाइट. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कुर्ल्याच्या बेसाल्टने आणि मालाडच्या दगडाने बांधलेलं आहे. काळा भाऊ आणि फिका भाऊ एकाच भिंतीत बघायचे असतील तर तिथे जा.

मालाणी म्हणजे काय? भारतातला तोच एक ना?

भारतातला सर्वांत मोठा तोच. पश्चिम राजस्थानात जोधपूर, पाली, जालोर, बाडमेर या भागात सुमारे ५१,००० चौरस किमीवर मालाणी अग्निजन्य खडक पसरलेले आहेत. वय साधारण ७७ ते ७५ कोटी वर्षं. मालाणी हे बाडमेरकडच्या मुलखाचं जुनं नाव. वरच्या आकड्यांच्या चाळणीत तो क्षेत्राने कमी भरतो, पण बराच भाग थर वाळवंटाच्या वाळूखाली आणि नंतरच्या गाळाच्या खडकांखाली गेलेला आहे, आणि प्रांतांच्या यादीत त्याला जागा मिळते.

सुरुवातीला थोडा बेसाल्ट, मग रायोलाइटचे आणि राखेचे प्रचंड थर, नंतर जालोर-सिवाण्याचे ग्रॅनाइट, शेवटी सगळ्यांना छेदत गेलेल्या भिंतीसारख्या डाइक. त्या काळी रोडिनिया हे महाखंड फुटत होतं. सेशेल्स बेटांवरचा ग्रॅनाइट जवळपास याच वयाचा आहे, त्यामुळे ते आणि राजस्थान एकमेकांजवळ होते असं मानलं जातं. कारणाबद्दल एकमत नाही. कुणी खालून आलेल्या उष्ण प्रावरणाच्या लोटाला श्रेय देतं, कुणी खंड ताणला जाण्याला, तर कुणी म्हणतं की अँडीजसारखा अधोगमनाचा काठच तिथे होता.

जोधपूरला गेलात तर मेहरानगड खालून वर बघा. पायथ्याचा कडा रायोलाइट, वरचा किल्ला वालुकाश्माचा. तो वालुकाश्म या भागात रायोलाइटच्या झिजलेल्या पाठीवर थेट बसलेला आहे आणि दोघांच्या मधल्या रेषेत कोट्यवधी वर्षांचा काळ गायब आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथला तापून एकमेकांना चिकटलेल्या राखेचा खडक आणि ही संपर्करेषा, दोन्हींना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा वाळवंटी उद्यान आहे. तिथे विलायती बाभळीसारखं झाड मुळासकट काढायचं होतं, पण मुळं रायोलाइटच्या फटींत. शेवटी खंडवालिया या परंपरागत खाणकामगारांना बोलावलं. ते हातोडी मारून आवाजावरून फट कुठे आहे ते सांगत. प्रयोगशाळेतल्या उपकरणांचा मला आदर आहे, पण हे कौशल्य वेगळंच.

जगातले बाकीचे मोठे प्रांत कोणते?

पूर्व ऑस्ट्रेलियातला व्हिटसंडे प्रांत सर्वांत थोर. साधारण १३ ते साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा, १५ लाख घन किमीहून मोठा, म्हणजे दख्खनच्या तोडीचा. गंमत अशी की क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आणि व्हिटसंडे बेटांवर आज त्याचा लहानसा भाग दिसतो. बाकी गेला कुठे? बराचसा झिजून नद्यांबरोबर खंडाच्या आत आणि दक्षिणेकडच्या खोलगट खोऱ्यांत वाहून गेला. तिथल्या गाळात ज्वालामुखीतून आलेलं द्रव्य १४ लाख घन किमीहून जास्त आहे, आणि चोर सापडला तो या मुद्देमालावरून. काही भाग तर पुढे टास्मान समुद्र उघडला तेव्हा खंडापासून तुटून पाण्याखाली गेला.

दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पावर चोन आइके प्रांत आहे. वय १८.८ ते १५.३ कोटी वर्षं, तीन उसळ्या, आकारमान सुमारे २.३ लाख घन किमी. पहिली उसळी आफ्रिका-अंटार्क्टिकातल्या कारू-फेरार बेसाल्टच्या वेळेशी जुळते, तर पुढच्या उसळ्या पॅसिफिकच्या काठाकडे सरकत गेल्या. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटण्याचीच ही सगळी लगबग. तिथल्या राखेखाली गाडलेलं अरौकेरिया वृक्षांचं जंगल दगड होऊन आजही उभं-आडवं पडलेलं आहे. आणि त्याच प्रांताच्या खडकातल्या एका कपारीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हातांचे ठसे उमटवले. ती 'हातांची गुहा' १९९९ पासून जागतिक वारसा आहे.

तिसरा, सर्वांत तरुण, मेक्सिकोचा सिएरा माद्रे ऑक्सिडेंटल. ३.८ ते २ कोटी वर्षांपूर्वीचा, किमान ३ लाख घन किमी. बऱ्यापैकी शाबूत असल्याने बघायला हाच उत्तम. बारांका देल कोब्रे ही दरी याच थरांत कोरलेली आहे. फॅरालॉन भूपट्ट खंडाखालून मागे हटला, उष्ण प्रावरण वर आलं, खंड ताणला गेला आणि शेवटी कॅलिफोर्नियाचं आखात उघडलं.

समुद्रात असे प्रांत का नाहीत?

वितळवायला खंडाचं कवच नाही म्हणून. आइसलँडवर रायोलाइट आहे, पण थोडा.

खडक बघून राखेचा की लाव्ह्याचा हे कसं ओळखायचं?

अवघड असतं, तज्ज्ञही फसतात. राखेचा लोंढा थांबतो तेव्हा इतका तापलेला असतो की काचेचे कण स्वतःच्या वजनाने दबून एकमेकांना चिकटतात. त्यात अडकलेले पमिसचे तुकडे चपटे होऊन काळपट, दोन्ही टोकांना फाटलेल्या भिंगांसारखे दिसतात. इटालियन भाषेत त्यांना 'फियामे', म्हणजे ज्वाळा, म्हणतात. ते दिसले तर राख. पण थंड होताना अशा थरातही बेसाल्टसारखे स्तंभ पडतात, तेव्हा नुसत्या स्तंभांवर विसंबू नका.

डायनोसॉर वगैरे मेले तसा विनाश यांनी घडवला का?

बेसाल्टच्या प्रांतांइतका स्पष्ट संबंध दिसत नाही. एक तर उद्रेक कोट्यवधी वर्षांत विखुरलेले, दुसरं म्हणजे रायोलाइटच्या शिलारसात गंधक कमी विरघळतं. उलट २००९ मध्ये स्टीव्हन कॅथर आणि सहकाऱ्यांनी अशी कल्पना मांडली की उत्तर अमेरिकेतल्या राखेतलं लोह समुद्रात पडून सूक्ष्म वनस्पती वाढल्या, हवेतला कार्बन खाली गेला आणि पृथ्वी थंड व्हायला हातभार लागला. कल्पना देखणी आहे, पण अजून वादातली आहे.

यातून मिळतं काय? खनिजं वगैरे?

चांदी आणि सोनं. शिलारसाने तापलेलं पाणी फटींतून फिरतं आणि उथळ खोलीवर धातू सोडून जातं. सिएरा माद्रेमुळे मेक्सिकोची चांदी, पॅटागोनियात सेरो व्हँग्वार्डियाची सोन्या-चांदीची खाण. आपल्याकडे सिवाण्याच्या ग्रॅनाइटमध्ये दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा शोध घेतला जातो.

असा एखादा प्रांत आज तयार होतोय का?

पूर्ण मापाचा नाही. पण क्रिया जिवंत बघायची तर दोन जागा. न्यूझीलंडमधला टाउपो, जिथे कवच ताणलं जातंय आणि सुमारे २५,५०० वर्षांपूर्वी एका उद्रेकात हजार घन किमीहून अधिक द्रव्य उसळलं. आणि अँडीजचं आल्तिप्लानो-पुना पठार. तिथे भूकंपलहरींनी केलेल्या पाहणीत जमिनीखाली अर्धवट वितळलेल्या खडकाचा सुमारे ५ लाख घन किमीचा गोळा आढळला आहे. तो उद्या फुटेल असं नाही. अर्धवट वितळलेला म्हणजे बहुतांश घनच.

बोरी गावातली राख याच प्रकारची का?

प्रकार तोच, प्रांत नव्हे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या बोरीजवळ कुकडी नदीच्या काठावर पांढुरक्या राखेचा थर आहे. ही रायोलाइटची राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, जवळपास ३,००० किमी दूरून आलेली. टोबाचा ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक प्रसिद्ध आहे, पण त्याआधीही तो मोठे उद्रेक करून बसला होता, त्यामुळे बोरीची राख नेमकी कोणत्या वेळची यावर अनेक वर्षं वाद झाला. थराच्या संगतीने अश्मयुगीन हत्यारं मिळाल्यामुळे तो वाद फक्त दगडांचा राहिला नाही. बोरीला गेलात तर राख चिमटीत घेऊन बघा, भिंगाखाली तिचे कण वाकड्या काचतुकड्यांसारखे दिसतात. फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती आहेत त्या.